दयेचा हिशेब

बिबट्याला मारू नका, पकडा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडा. यापेक्षा दयाळू सूचना सुचणे अवघड आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले आणि संगमनेर तालुक्यांच्या शेजारच्या जुन्नर वन विभागात फेब्रुवारी 2001 पासून 2003 अखेरपर्यंत ही सूचना मनापासून अमलात आली. 29 बिबटे पिंजऱ्यात धरले गेले आणि सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. माणूसही वाचावा आणि जनावरही जगावे, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी मांडून पाहिल्या. ही मोहीम सुरू होण्याआधी त्या विभागात वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते. मोहिमेच्या काळात ही सरासरी सतरावर गेली, आणि हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाणही वाढले. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. धरपकडीने बिथरलेले, अनोळखी मुलखात टाकलेले जनावर आपली वाट शोधत भटकते, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरे कोणी घेते. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीत पडलेल्या बिबट्याला गळ्यात रेडिओ पट्टा घालून माळशेज घाटात सोडले, तर तो तिथल्या जंगलात रमला नाही. सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत त्याने थेट मुंबईचे बोरिवलीचे जंगल गाठले. त्याला 'आजोबा' हे नाव मिळाले, त्याच्यावर चित्रपटही निघाला. 2011 मध्ये तो महामार्गावर वाहनाखाली मेला. बिबट्याचे घर जंगल असते आणि उसात तो वाट चुकून येतो, ही आपली समजूत त्याला कोणी कळवलेली नव्हती.

आता प्रश्न असा, की 2001 ते 2003 या काळात जे झाले ते अहिंसा होते काय? कोणाच्या मनात द्वेष नव्हता. कोणी बंदूक उचलली नव्हती. अहिंसा ही अंतःकरणाची गोष्ट आहे, हे आपल्या परंपरेचे सर्वांत परिचित उत्तर धरले तर ती मोहीम निर्दोष ठरते, आणि वाढलेले हल्ले हा दैवाचा भाग म्हणून सोडून द्यावा लागतो. हे उत्तर आजच्या काळात पुरत नाही, असे मला म्हणायचे आहे. ज्या कृतीचा परिणाम कर्त्याच्या नजरेआड घडतो, तिथे त्या परिणामाचा पाठलाग करणे, तो मोजणे आणि मोजणीपुढे आपला निर्णय मागे घेणे हा अहिंसेच्या आचरणाचाच भाग मानायला हवा. उपयोजित परिसरशास्त्र नावाची जी ज्ञानशाखा आहे, ती वन खात्याला किंवा पाटबंधारे खात्याला सल्ला देणारी तांत्रिक सोय म्हणून ओळखली जाते. तिचे खरे स्थान धर्मविचारात आहे. हे वाक्य शास्त्रज्ञांना अवघडून टाकील आणि कीर्तनकारांना आगाऊपणाचे वाटेल, याची कल्पना आहे. तरी पुरावा पाहू.

पहिला पुरावा अहिल्यानगर जिल्ह्यातलाच आणि सव्वासातशे वर्षांपूर्वीचा आहे. शके 1212 मध्ये प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणजे काय, या प्रश्नाला उत्तर म्हणून माहितीची यादी येत नाही, वागण्याची येते. मानाची हाव नसणे, दंभ नसणे, हिंसा न करणे, सोसणे, सरळ असणे, अशी ती यादी चालते. ज्ञानेश्वरांनी त्यातल्या अहिंसेवर थांबून जे भाष्य केले आहे त्याची सुरुवात कोवळ्या भूतदयेने होत नाही. ते आधी टीका करतात. यज्ञात पशू मारून पाऊस आणू पाहणारी मीमांसकांची अहिंसा, एका रोग्याला वाचवण्यासाठी झाडे मुळासकट उपटणारी, साली सोलणारी, जीव शिजवणारी वैद्यांची अहिंसा, या दोन्हींना ते सोडत नाहीत. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुडाला कुंपण घालण्यासारखे हे आहे, असे ते सांगतात. राहती घरे मोडून देऊळ बांधण्याचा दाखलाही तिथेच येतो. या टीकेचा रोख नीट पाहण्यासारखा आहे. यज्ञ करणारा दुष्ट नाही, वैद्य तर उघडच उपकारकर्ता आहे. ज्ञानेश्वर त्यांच्या हेतूला हात लावत नाहीत. ते विचारतात ते एवढेच, की तुमच्या रक्षणात मेले कोण? रक्षणाच्या नावाने झालेली हानी मोजल्याशिवाय त्याला अहिंसा म्हणू नये, असा तो दंडक आहे, आणि तो हेतूला पुरेसे न मानणारा आहे. जुन्नरच्या पिंजऱ्यांना तो जसाच्या तसा लागू पडतो.

मग सात शतके हा दंडक आपण विशेष न वापरता कसे निभावले? मला वाटते, कारण बहुतेक कृतींचे परिणाम गावातच, एका आयुष्यातच, कर्त्याच्या दारात परत येत. ज्याने गायरानात जास्त गुरे सोडली त्याच्याच गुरांना पुढच्या वैशाखात चारा नसे. परिणाम मोजायला वेगळा माणूस लागत नव्हता. आज प्रवरेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने जे पेरायचे ते दूरच्या साखरेच्या भावावर ठरते, आणि त्याच्या शेतावर पडणारा पाऊस जगभरच्या कोळशाच्या धुराने बदललेल्या हवेतून येतो. कर्ता आणि परिणाम यांच्यात शेकडो मैल आणि कित्येक दशके उभी आहेत. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, पुढे प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, खोरे उसाने भरले. त्या उसाने बिबट्याला बारमाही आडोसा दिला. धरण बांधणाऱ्या इंग्रज इंजिनिअराच्या किंवा सहकाराच्या धुरिणांच्या मनात बिबट्या कुठेही नव्हता. साखळी इतकी लांब झाली की तिची टोके जोडून दाखवणे हेच एक वेगळे कष्टाचे काम होऊन बसते. ते काम करणाऱ्याला आपण संशोधक म्हणतो.

या लांब साखळीचा बिबट्याहूनही बोलका नमुना आपल्या माळरानांवर सापडतो. कर्जत, श्रीगोंदे, पारनेर, पाथर्डी या पट्ट्यातला उघडा माळ पाहिला की आपला पहिला विचार असतो: इथे झाडे हवीत. उघडी जमीन म्हणजे उजाड जमीन, एके काळी इथे रान होते आणि माणसाने ते तोडले, हे आपण शाळेपासून गृहीत धरतो. सरकारी कागदांवर असा माळ पडीक म्हणून नोंदला जातो. 2016 ते 2019 या वर्षांत राज्याने दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि शेवटी तेहतीस कोटी अशी वृक्षलागवडीची चढती उद्दिष्टे ठेवली. झाड लावणे हे आपल्या काळातले सर्वमान्य पुण्य आहे. वाढदिवसाला, पुण्यतिथीला, निवडणुकीच्या तोंडावर, सगळ्यांना चालणारे. पण या माळांचे काही अभ्यासक सांगतात की इथे मुळात घनदाट जंगल नव्हतेच. विरळ काटेरी झाडे आणि मोकळे गवत हेच या पर्जन्यछायेच्या प्रदेशाचे जुने, स्वतंत्र रूप आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी अलीकडे एक वेगळा मार्ग धरला. पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागातल्या जुन्या मराठी कथा, ओव्या, चरित्रे तपासून त्यांनी त्यांतल्या वनस्पतींचे उल्लेख वेचले. 44 जातींपैकी जवळपास दोनतृतीयांश मोकळ्या गवताळ रानाच्या निघाल्या. म्हणजे मध्ययुगातला वाटसरूही याच माळावरून, याच बाभळी-बोरींमधून जात होता. जागतिक पातळीवर हाच वाद 2019 मध्ये रंगला. 'सायन्स' या नियतकालिकातल्या एका निबंधाने जगात 90 कोटी हेक्टरांवर नवी झाडे वाढू शकतील असा हिशेब मांडला, आणि जोसेफ वेल्डमन व इतर अनेकांनी त्यात जगातली गवताळ राने जंगलाची रिकामी जागा म्हणून धरली गेल्याचा आक्षेप घेतला. माळावर गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांच्या रांगा लागल्या की गवत दबते, धनगराच्या मेंढ्यांची चराई आक्रसते, काळविटाला आणि लांडग्याला मोकळे रान उरत नाही. पुण्य करणाऱ्याच्या हाताला माती लागलेली असते, पण त्याच्या पुण्याने कोणाचे घर मोडले हे त्याला दिसत नाही. राहती घरे मोडून देऊळ बांधण्याचा तो दाखला इथे रूपक म्हणून घेण्याची गरजच नाही.

इथे पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो गीतेच्याच नावाने येतो. कर्म करावे, फळाची आशा धरू नये, हेच तर गीतेचे सार म्हणून आपण ऐकत आलो. मग परिणामांचा हिशेब मागणे म्हणजे निष्काम कर्माला दुकानदारीत ओढणे झाले. हल्ले चार की सतरा, झाडे जगली किती, हे पाहणारा माणूस फळात अडकलेला आहे. हा आक्षेप मोठ्या अधिकाराने बोलला जातो आणि मला वाटते, तो अर्ध्या वाचनावर उभा आहे. फळाची आसक्ती सोडणे आणि फळाकडे पाहणेच सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना गीता तामस कर्माची खूण देते: पुढचा परिणाम, होणारा नाश, घडणारी हिंसा आणि आपली कुवत यांच्याकडे न पाहता केवळ मोहाने आरंभलेले कर्म. परिणाम न पाहण्याला तिथे निष्कामता म्हटलेले नाही, सर्वांत खालच्या पायरीवर ठेवले आहे. उलट, ज्याला फळाची हाव नाही तोच फळ निर्मळपणे मोजू शकतो. लागवडीचा आकडा फुगवण्यात ज्याचा स्वार्थ आहे त्याला तीन वर्षांनी जाऊन किती रोपे उरली हे पाहण्याची इच्छा होत नाही. जैन परंपरेत हेच अधिक शिस्तीने आले आहे. या जिल्ह्यातल्या चिचोंडीत जन्मलेल्या आचार्य आनंदऋषींमुळे नगरकरांना ती परंपरा परकी नाही. साधूने चालताना पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, या नियमाला ईर्यासमिती म्हणतात. कोणाला चिरडण्याचा हेतू नाही एवढ्यावर तिथे सुटका नाही. पाहिले नाही, हा दोषच. आपली पावले आता चार हातांवर पडत नाहीत, ती पुढच्या खोऱ्यात आणि पुढच्या पिढीत पडतात. तिथवर पाहण्यासाठी डोळे कमी पडतात, म्हणून कॅमेरे, पर्जन्यमापके आणि नोंदवह्या लागतात.

दुसरा आक्षेप याहून मला अधिक प्रिय आहे, कारण तो करणाऱ्या माणसांकडे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अकोल्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत महादेव कोळी समाज वाघोबाला देव मानतो. अश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे इतरत्र वसुबारस असते त्या दिवशी, तिकडे वाघबारस साजरी होते आणि शेंदूर लावलेल्या दगडातल्या वाघापुढे गुराखी हात जोडतात. त्यांनी कधी बिबटे मोजले नाहीत. तरी शतकानुशतके ते शेजारी राहिले. मग तुमच्या शास्त्राने यात काय नवी भर घातली? प्रामाणिक उत्तर असे, की शास्त्राने आधी त्यांचेच म्हणणे खरे ठरवले. अकोले शहराभोवतीच्या सुमारे 179 चौरस किलोमीटर शेतीच्या मुलखात, जिथे दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसे राहतात, तिथे कॅमेरे लावून केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबटे आढळले. तरसांची संख्याही साधारण तेवढीच निघाली. इतके दाट शेजारपण असून त्या काळात तिथे माणूस मारला गेल्याची घटना नव्हती. विष्ठेच्या तपासणीतून असेही दिसले की बिबट्याच्या खाद्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच होता. म्हणजे अकोल्याचा बिबट्या सर्वांत जास्त जगतो तो आपल्या उकिरड्यावर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांवर. वाघोबाच्या भक्ताला शेजाऱ्याचा स्वभाव ठाऊक होता, पण उकिरडा, कुत्रे, ऊस आणि बिबट्या ही साखळी त्याच्या परंपरेत नव्हती, कारण ती साखळीच गेल्या काही दशकांतली आहे. परंपरा सोसण्याचे बळ देते. ठाणे-पालघरच्या वारल्यांमध्ये झालेल्या 2021 च्या अभ्यासातही हेच पुढे आले: वाघोबा राखतो आणि चुकले तर शिक्षाही करतो, असा दोन्ही बाजूंचा करार लोक मनात धरतात, आणि जनावराने बकरे नेले तरी त्याचा अर्थ त्या कराराच्या आत लावतात. हे बळ कोणत्याही निबंधातून मिळणार नाही. मात्र बदलत्या मुलखात उद्या काय होईल, हे त्या करारात लिहिलेले नाही. शिवाय खालच्या बागायती गावांत, जिथे ऊसतोडीच्या वेळी फडात बछडी सापडतात, तिथे वाघोबाचे ठाणे नाही, नुसती भीती आहे. तिथे देव आयात करता येत नाही. माहिती देता येते.

तिसरा आक्षेप कडवा आहे आणि त्याचा इतिहास या जिल्ह्याच्या अंगावर आहे. मोजणारा नेहमी बाहेरचा असतो, मोजून झाले की सीमा आखतो, आणि सीमेच्या आत राहणाऱ्याने किंमत मोजायची असते. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. कर्जत, श्रीगोंदे, नेवासे तालुक्यांतली नांदती गावे, शेते, रस्ते त्यात आले. जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून विकासकामांपर्यंत निर्बंधांची टांगती तलवार तीन दशके राहिली आणि मग क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोक महाराष्ट्रातून जवळपास दिसेनासा झाला होता, आणि लोकांच्या मनात त्याच्याविषयी माया उरली नव्हती. या आक्षेपाला मी उत्तर देणार नाही, तो मान्य करतो. पण त्यातून निष्कर्ष मोजणी वाईट असा निघत नाही. तिथे एकदाच रेघ मारली गेली आणि त्या रेघेचा पक्ष्यावर काय परिणाम झाला, माणसावर काय झाला, हे वर्षावर्षाला लोकांपुढे मांडून ती रेघ दुरुस्त करण्याची सोय नव्हती. तेराव्या अध्यायातल्या यादीत अहिंसेच्या आधी मानाचा त्याग येतो, हा क्रम मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. आपला नकाशा चुकला असे म्हणण्याची तयारी ज्या ज्ञानात नाही, ते कितीही आकडेवारीने नटलेले असले तरी गीतेच्या अर्थाने ज्ञान नाही.

याउलट उदाहरण त्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात आहे. हिवरे बाजारची कीर्ती इतकी झाली आहे की तिचा कंटाळा यावा. पाहुण्यांना बांध, झाडी आणि स्वच्छ रस्ते दाखवले जातात. खरी लक्षणीय गोष्ट दिसण्यासारखी नाही. 1989 पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने पाणलोटाचे काम केले. मग, अनेक गावे जिथे थांबतात तिथे न थांबता, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी कुठे आहे, माणसांना आणि गुरांना किती लागेल, आणि उरलेल्यात रब्बीचे कोणते पीक बसेल, हे ग्रामसभेत सगळ्यांपुढे ठरते. पाऊस कमी तर पेरा कमी. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे नियम गावाने स्वतःवर घातले. इथे मोजणारा आणि ज्याच्यावर मोजणीचा निर्णय पडणार तो एकच आहे. आकड्याला सत्ता आहे, पण ती त्याच चावडीवर उत्तर द्यायला बांधलेली आहे. शेजारी तालुक्यांत 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी अनुदानाची योजना आल्यावर काय झाले ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी काढलेली तळी अनेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली गेली. जमिनीखाली सावलीत असलेले सामाईक पाणी वर काढून उन्हात वाफ व्हायला ठेवायचे, आणि त्यावर एका माणसाची मालकी. अनुदान देणाऱ्याचा हेतू चांगला, घेणाऱ्याची निकड खरी. शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ मात्र कोणी पाहिला नाही.

तरी हिवरे बाजारलाही एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो ताळेबंदाच्या सीमेचा आहे. शिवारात अडवलेला प्रत्येक थेंब कुठेतरी खाली जाणार होता. अख्खे खोरे जेव्हा तुटीचे असते तेव्हा वरच्याची बचत ही खालच्याची टंचाई असू शकते. गोदावरीवरच्या, पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा वाद हा याच प्रश्नाचा मोठा अवतार आहे. वरच्या बाजूला नाशिक-नगरची धरणे, खाली मराठवाडा. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. मेंढेगिरी समितीच्या 2013 च्या अहवालाने 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा नसेल तर मुळा, भंडारदरा यांसारख्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचे कोष्टक दिले. 2014 मध्ये त्या प्राधिकरणाने तसा आदेश काढला आणि पुढे उच्च न्यायालयातही त्याचे मूळ तत्त्व टिकले. पाणी सोडण्याची वेळ आली की नगर जिल्ह्यात आंदोलने होतात आणि त्यांत सर्व पक्ष एक होतात, जे एरवी क्वचित दिसते. त्या आंदोलनांतली वेदना खोटी नाही, भंडारदरा-निळवंड्याच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचे पीक खरोखरच वाळते. पण तत्त्वाच्या अंगाने पाहता ते टक्केवारीचे कोष्टक ही आपल्या काळातली एक धार्मिक घटना आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. पैठणच्या माणसाची तहान अकोल्याच्या माणसाच्या हिशेबात एका रकान्याने का होईना, पण कायद्याने आली. भूतमात्रांत एकच आत्मा पाहावा, हे प्रवचनात ऐकणे सोपे असते. तो भाव 65 टक्क्यांच्या रूपात समोर आला की आपण न्यायालयात जातो.

उरतो हवामानाचा आक्षेप, आणि तो शास्त्राच्या आतून येतो. उद्याचा पाऊस कालच्यासारखा राहणार नसेल तर कालच्या मोजणीचा उपयोग काय? ज्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पसरून येई, तिथे तो थोड्या दिवसांत कोसळून जाऊ लागला तर बांधांची सगळी गणिते हलतात. हे खरे आहे. पण याने मोडते ती एकदाच मोजून कायमचा आराखडा करण्याची सवय, माळढोकच्या रेघेसारखी. दर वर्षी नव्याने मांडायचा ताळेबंद उलट अशाच काळासाठी आहे. भविष्य ठाऊक असल्याचा त्याचा दावा नाही, तो फक्त चूक लवकर दिसण्याची व्यवस्था करतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जमवलेल्या गावठी बियाण्यांच्या शेकडो वाणांकडेही मी असेच पाहतो. उद्या कोणता वाण लागेल हे ठाऊक नाही, म्हणून बरेच हाताशी ठेवायचे, पेरून पाहायचे, लक्षात ठेवायचे. विद्यापीठातला प्रयोग आणि ही बियाणे बँक यांच्यात पद्धतीचा फरक आहे, वृत्तीचा नाही.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र याने सुटत नाही. उसाच्या कडेला खेळणारे मूल बिबट्याने नेले तर त्या आईला कुत्र्यांची 39 टक्के सांगणे हा क्रूरपणा आहे. हल्लेखोर जनावर ओळखून त्याला मारण्याची वेळ येते, आणि ती येते हे नाकारणारी अहिंसा शहरात बसून केलेली असते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात त्याची सोय आहे: माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या जनावराला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, पण लेखी, कारणे नोंदवून, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्यावरच. गंमत अशी, की या पायऱ्यांत दुसरीकडे हलवणे हा सौम्य उपाय म्हणून हत्येच्या आधी बसवलेला आहे. जुन्नरच्या चार आणि सतरा या आकड्यांनी तीच पायरी डळमळीत केली आहे. एक नेमके जनावर मारणे आणि दहा निर्दोष जनावरे हलवून हल्ले वाढवणे यांत कमी हिंसा कशात, हे आधीच ठरवून ठेवलेल्या सौम्यतेच्या क्रमाने कळत नाही, त्या त्या ठिकाणी पाहावे लागते. आणि मारलेच, तर त्याला संरक्षण म्हणून गोड करू नये. ज्ञानेश्वरांनी वैद्याला जे सुनावले ते आपल्यालाही लागू आहे. रोगी वाचला असेल, पण उपटलेले झाड उपटलेलेच असते, आणि ते खात्यावर हिंसा म्हणूनच लिहिले पाहिजे. कायदा मारण्यापूर्वीचा कागद मागतो. मारल्यानंतर, किंवा हलवल्यानंतर, वर्षभराने त्याच गावांत परत जाऊन हल्ले घटले की वाढले, रिकाम्या जागेत कोण आले, आणि आदेशातली कारणे खरी ठरली का, हे सांगणारा दुसरा कागद तो मागत नाही. जुन्नरच्या बाबतीत तो कागद काही अभ्यासकांनी आपणहून लिहिला. प्रत्येक आदेशामागे तो सक्तीचा करणे, आणि ज्या गावात जनावर धरले त्या गावाच्या ग्रामसभेत तो मराठीत वाचून दाखवणे, यासाठी कायद्यात फार तर एका पोटकलमाची दुरुस्ती लागेल.